समुद्रतळीचे नांगर

आपल्या मराठी भाषेत 'नांगर' हा एक शब्द दोन अगदी भिन्न कामे करतो. शेतकरी ज्याने जमीन उकलतो तो नांगर, आणि गलबत बंदरात स्थिर राहावे म्हणून खलाशी जो पाण्यात सोडतात तोही नांगरच. एक भुई फोडणारा, दुसरा भुई धरून बसणारा. दोहोंस एकच नाव कसे, याचा विचार करण्याचे आम्हांस कधी कारण पडले नव्हते. या दोन नांगरांचे वैर माणसाच्या शेतीहून आणि गलबतांहून कितीतरी कोटी वर्षांनी जुने आहे, हे कळावयास मात्र आम्हांस साठी उलटल्यावर अटलांटिक महासागराच्या पलीकडे जावे लागले. त्या प्रवासाची ही हकीकत आहे.

न्यूफाउंडलंड हे कॅनडा देशाच्या अगदी पूर्वेकडील मोठे बेट. १९४९ साली ते कॅनडात सामील झाले. तोवर त्याचा कारभार वेगळा होता. सेंट जॉन्स ही तेथील राजधानी. आमचा पुतण्या तेथील मेमोरियल विद्यापीठात शिकावयास म्हणून गेला, तो शिक्षण पुरे होताच तेथेच नोकरीस राहिला. त्यास बारा वर्षे होऊन गेली. त्याची कन्या तेथेच जन्मली व आता नऊ वर्षांची आहे. २०२३ सालच्या ऑगस्ट महिन्यात सौ.सह आम्ही त्याच्याकडे गेलो, ते वरकरणी हवापालटासाठी. वस्तुतः आमच्या खिशात वडील बंधूंचे, म्हणजे अण्णांचे, एक पत्र होते.

अण्णांचे वय ऐंशीच्या पुढे. वाईस कृष्णाकाठी आमचा जुना वाडा आहे, तेथे ते व वहिनी राहतात. वाड्याचे वासे कुजू लागले आहेत, मागील पडवी बसली आहे, आणि जागा घेण्यास गिऱ्हाईक दारात उभे आहे. शाकारणी करून वाडा राखावयाचा की सौदा करून मोकळे व्हावयाचे, याचा निर्णय अण्णांनी मुलाच्या उत्तरावर टाकला होता. पत्रात चारच ओळी होत्या. "तू परत येणार असशील तर वाडा राखतो. येणार नसशील तर स्पष्ट सांग. दूरध्वनीवर असल्या गोष्टी होत नाहीत, म्हणून काकांबरोबर पत्र देतो." पोहोचल्यावर आठ दिवस आम्ही ते पत्र खिशातच ठेवले. सूनबाईंनी केलेला पाहुणचार, नातीची बडबड, रोज बदलणारे धुके यांत योग्य वेळ म्हणून काही सापडेना. नवव्या दिवशी पुतण्याच म्हणाला, "काका, उद्या तुम्हांला जगातली एक फार जुनी जागा दाखवतो."

सेंट जॉन्सहून दक्षिणेस मोटारीने दोन तासांहून अधिक गेल्यावर ॲव्हलॉन द्वीपकल्पाचे टोक येते. झाडे हळूहळू खुरटत जातात व शेवटी शेवाळ, गवत आणि जमिनीलगत पसरलेली झुडपे एवढेच उरते. या टोकाजवळील एका भूशिराचे नाव मिस्टेकन पॉइंट, म्हणजे चुकलेले टोक. येथे धुके इतके दाट पडते की पूर्वी जहाजांचे कप्तान या टोकासच पलीकडील केप रेस समजत, वळसा पुरा झाला म्हणून उत्तरेस वळत आणि खडकांवर आपटत. केप रेस हे नाव पुष्कळ वाचकांच्या कानांवरून गेले असेल. १९१२ साली टायटॅनिक बुडू लागली तेव्हा तिची बिनतारी हाक येथील केंद्रात ऐकू आली होती.

वाटेत पोर्चुगल कोव्ह साउथ हे लहानसे गाव लागते. भूशिरावर जाणाऱ्या मंडळींस तेथे नोंद करावी लागते व मार्गदर्शकासहच पुढे जाता येते. निघण्यास अवकाश होता म्हणून आम्ही गावच्या किनाऱ्यावर फिरत होतो, तोच नात एक लांबलचक समुद्रवनस्पती ओढीत घेऊन आली. चामड्याच्या पट्ट्यासारखी ती वनस्पती, तिचा चिवट देठ आणि देठाच्या टोकास मुळांसारख्या बोटांची घट्ट मूठ. त्या मुठीत नारळाएवढा धोंडा तसाच धरलेला होता! समुद्र खवळला तेव्हा मूठ सुटली नव्हती. लाटांनी धोंड्यासकट झाड उचलून आणले होते. सौ. म्हणाल्या, "हिने आपले काम केले. धोंडाच हलका निघाला, त्याला ही काय करणार?" ते वाक्य त्या दिवशी पुन्हा पुन्हा आठवले.

मोटार सोडल्यावर माळावरून सुमारे तीन किलोमीटर चालावे लागते. एकदोन ओढे ओलांडले, आणि माळ संपून कड्याची किनार लागली. खाली समुद्र आदळत होता, आणि त्याच्या वर कललेल्या प्रशस्त फरशीसारखी करड्या दगडाची शिळा पसरली होती. शिळेवर पाय ठेवण्यापूर्वी आमच्या मार्गदर्शक बाईंनी सर्वांस जोडे काढावयास सांगितले व पायांत घालण्यास मऊ मोजे दिले. जोड्यांच्या घर्षणाने दगडावरील ठसे झिजू नयेत म्हणून हा नियम आहे. आम्हांस मात्र देवळाच्या पायरीशी आल्यासारखे वाटले, व नकळत हात जोडले गेले.

आरंभी काहीच दिसेना. मग ढगांतून उतरते ऊन तिरपे पडले, आणि पाटीवर पुसट अक्षरे उमटावीत तसे सबंध शिळेवर आकार उमटू लागले. कोठे नेच्याच्या पानासारखे, कोठे चातीसारखे दोन्ही टोकांस निमुळते, कोठे केवळ वाटोळी चकती. काही बोटाएवढे, काही हातभर. शेकडो, एकमेकांशेजारी, जणू बागेतील वाफा कोणी दाबून दगडात ठेवला आहे. या सतरा किलोमीटरच्या किनारपट्टीत असे दहा हजारांहून अधिक ठसे आहेत. २०१६ साली युनेस्कोने तिचा जागतिक वारसास्थानांत समावेश केला. आम्ही उभे होतो त्या शिळेचे वय सुमारे साडेछप्पन्न कोटी वर्षे. ज्या काळ्या खडकाचा आपला सह्याद्री बनला आहे, तो सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. सह्याद्री ज्यांच्यापुढे काल-परवाचा ठरावा असे हे जीव होत.

ती शिळा त्या काळी खोल समुद्राचा तळ होती. तेथे सूर्यप्रकाश पोहोचत नसे. तेव्हा पानांसारखे दिसत असले तरी हे जीव वनस्पती नव्हते. त्यांस तोंड नव्हते, पोट नव्हते, हातपायही नव्हते. ते कोणत्या वर्गात घालावेत यावर दीर्घकाळ वाद चालला. प्राणिसृष्टीच्या अगदी पहिल्या शाखांत त्यांची गणना करणारे शास्त्रज्ञ आज पुष्कळ आहेत. पाण्यात विरघळलेले पोषक द्रव्य ते आपल्या अंगानेच शोषून घेत असावेत, असे मानतात. मधूनमधून जवळच्या ज्वालामुखीची राख समुद्रात पडे व तळावरचे सारे जीव जागच्या जागी गाडले जात. त्या राखेखाली उमटलेले हे ठसे. काही ठिकाणी तिचे काळसर कण अद्याप शिळेस चिकटलेले दिसतात.

नात ओणवी होऊन पाहत होती. तिने विचारले, "आजोबा, ही सगळी पाने एकाच बाजूला का झोपली आहेत?" खरेच, जेवढी उंच देठाची पाने होती, ती सर्व एकाच दिशेस आडवी झालेली होती, वाऱ्याने लोळविलेल्या जोंधळ्याप्रमाणे. बाईंनी उत्तर दिले ते असे. प्रवाहाने पाने लोळविली. परंतु प्रत्येक पानाच्या बुडाशी जी वाटोळी चकती दिसते, ती जागची हललेली नाही. ती चकती हाच त्या जीवाचा नांगर.

हे नीट समजून घेण्याजोगे आहे. समुद्राच्या तळालगत पाणी मंद वाहते, कारण तळाशी घासून त्याचा वेग मोडतो. वीतभर वर उठावे तो प्रवाह वाढतो. अर्थात जो उंच उभा राहील त्यास सतत ताजे पाणी, म्हणजेच ताजे अन्न मिळे. पण जितके उंच व्हावे, जितके पान पसरावे, तितकी प्रवाहाची ओढही अधिक. ही ओढ सोसण्यास आधार हवा, आणि तळाशी तर खडक नव्हता, मऊ चिखल होता. चिखलात नांगर कशाच्या जोरावर टिकावा? याचे उत्तर चकतीत निम्मेच आहे. उरलेले निम्मे त्या काळच्या भुईत आहे. तेव्हा समुद्राच्या तळावर सूक्ष्म जीवजंतूंचा एक चिवट थर पसरलेला असे, तापविलेल्या दुधावर साय धरते तसा. चकती या सायीत किंवा तिच्याखाली रुतून बसे. पान उपटावयाचे तर भोवतीचा पापुद्राही उचलावा लागे. म्हणजे या जीवांनी जी भुई धरली होती, ती भुईही त्यांस धरून होती.

या चकत्यांचा शोध जितका जुना, तितकाच त्यांचा अर्थ लागण्यास उशीर झाला. १८६८ साली सेंट जॉन्स येथे अलेक्झांडर मरे या भूस्तरशास्त्रज्ञास अशा चकत्या आढळल्या, आणि १८७२ साली एल्काना बिलिंग्ज यांनी त्यांस ॲस्पिडेला हे नाव दिले. परंतु इतक्या पुरातन खडकांत जीव असणेच शक्य नाही, हे वायूच्या बुडबुड्यांचे वण होत, असे म्हणून इतरांनी ते बाजूस सारले. पुढे १९५७ साली इंग्लंडातील चार्नवुडच्या रानात एका शाळकरी मुलाने दाखविलेल्या पानाच्या ठशाने पुरातन खडकांविषयीचा हा समज मोडला. २००० सालच्या सुमारास ॲस्पिडेलाच्या असंख्य चकत्यांचा पुन्हा अभ्यास होऊन त्या अशाच पर्णाकृती जीवांच्या बुडाच्या होत, असे मत स्थिर झाले. पान प्रवाहाबरोबर गेले वा कुजले. चिखलात रुतलेला नांगर तेवढा मागे राहिला, आणि सव्वाशे वर्षे विद्वान मंडळी तो हातात घेऊन हा कशाचा म्हणून विचारीत होती.

आता जे सांगावयाचे ते ऐकून वाचकांसही आमच्याप्रमाणेच अभिमान वाटेल. ही शिळा जगापुढे आणली ती एका भारतीय विद्यार्थ्याने. उत्तर प्रदेशातील शिवबालक मिश्र हे मेमोरियल विद्यापीठात पदवीसाठी या भागातील खडकांचा नकाशा तयार करीत होते. १९६७ सालच्या उन्हाळ्यात ते व त्यांचा सहायक विद्यार्थी येथे येऊन पोहोचले व हे ठसे त्यांच्या दृष्टीस पडले. पुढील वर्षी 'नेचर' या शास्त्रीय नियतकालिकात त्याचे वृत्त प्रसिद्ध झाले. मिश्र पुढे भारतात परतले आणि लखनौजवळील ग्रामीण भागात त्यांनी मुलांसाठी शाळा काढली.

हे ऐकताच आम्ही पुतण्याकडे पाहिले. खिशातील पत्र एकाएकी जड लागू लागले. याच विद्यापीठात शिकलेला, ज्याचे नाव या शिळेशी जोडले गेले आहे, असा मनुष्य परत गेला. याहून चांगला दृष्टान्त आम्हांस कोठे मिळणार होता? बोलावयास तोंड उघडणार, तोच बाई पुढे सांगू लागल्या. मिश्रांच्या स्मरणार्थ २००७ साली येथील एका जीवास फ्रॅक्टोफ्यूसस मिसराय हे नाव देण्यात आले. चातीच्या आकाराचे जे ठसे शिळेवर सर्वांत अधिक दिसतात, तोच हा. आणि त्यास चकती नाही, देठही नाही. तो कधी उंच उभा राहिलाच नाही. सबंध अंगानेच भुईस टेकून पडून असे.

आम्ही तोंड मिटले. परत जाऊन गावात रुजलेल्या माणसाच्या नावाचा जीव बिननांगराचा निघावा, हा योगायोग खरा, परंतु त्याने आमचा दृष्टान्त हिरावून घेतला. पुढचे ऐकून तर बोलण्याची इच्छाच मावळली. २०१५ साली केंब्रिज येथील एमिली मिचेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी या चाती शिळेवर कोठे कोठे आहेत याची बारकाईने मोजणी केली. सर्वांत मोठ्या चाती विखुरलेल्या आढळल्या. त्यांच्याभोवती मध्यम, आणि मध्यम चातींभोवती लहान, असे पुंजके दिसले. त्यावरून त्यांनी असे अनुमान काढले की पहिली पिढी पाण्याबरोबर दुरून वाहत आली असावी, आणि पुढच्या पिढ्या भुईलगत धुमारे पसरून तिच्याभोवतीच वाढल्या असाव्यात. एका शिळेवर आजा, बाप आणि नातवंडे! आणि त्यांतील आजा परगावचा. २०२० साली येथील पानांना जोडणारे बारीक तंतूही वर्णिले गेले. बहुतेक वीत-दोन वीत लांबीचे, पण काही चार मीटरपर्यंत गेलेले.

मग हे सारे कुळ गेले कोठे, असे आम्ही विचारले. कारण एकच नाही; पण एक कारण याच बेटाच्या दक्षिणेकडील दुसऱ्या द्वीपकल्पावर, फॉर्च्यून हेड येथे, दगडात लिहिलेले आहे. सुमारे ५३ कोटी ९० लक्ष वर्षांपूर्वी समुद्राच्या तळात नागमोडी बिळे करणारे प्राणी झाले, त्यांच्या खुणा तेथे आहेत, आणि त्या खुणांवरूनच १९९२ साली कँब्रियन कालखंडाचा आरंभ तेथे निश्चित करण्यात आला. या प्राण्यांनी व त्यांच्या वंशजांनी पुढे तळ उकरला, उलथापालथ केली, ती सूक्ष्मजीवांची साय फाडून खाल्ली. चिवट भुई जाऊन सैल, गढूळ चिखल आला. काही शास्त्रज्ञांनी या स्थित्यंतरास 'कृषिक्रांती' असेच नाव दिले आहे. येथे आम्हांस आपला मराठी शब्द आठवला. एका नांगराने समुद्राची भुई नांगरली, आणि दुसऱ्या नांगरास धरावयास काही उरले नाही. चकतीची पकड ढिली पडली नव्हती. किनाऱ्यावरील त्या वनस्पतीप्रमाणेच, धरलेली वस्तू हातची गेली होती.

तथापि भुईस धरून राहण्याची विद्या त्यामुळे जगातून गेली नाही. पुढच्या काळात सागरलिली नावाचे देठाचे प्राणी झाले. त्यांच्यापैकी कोणी आपले बूड शिंपल्यास वा कठीण खडकास सिमेंटासारखे चिकटविले, कोणी मुळांसारख्या शाखा चिखलात पसरल्या. उत्तर अमेरिकेतील सुमारे ३९ कोटी वर्षांपूर्वीच्या खडकांत तर एक अशी सागरलिली सापडते, की जिच्या देठाचे टोक हुबेहूब गलबताच्या नांगरासारखे आकड्यांचे असते. जशी भुई, तसा नांगर.

परतीच्या वाटेवर नात व सौ. पुढे चालत होत्या. पुतण्या आमच्या बरोबरीस आला आणि आपण होऊन म्हणाला, "काका, अण्णांचे पत्र तुमच्याजवळ आहे हे मला ठाऊक आहे. वहिनींनी आईला न विचारता मला कळवले होते." मग बराच वेळ तो काही बोलला नाही. शेवटी म्हणाला, "परत येतो असे सांगितले तर ते खोटे होईल. येणार नाही असे सांगवत नाही. अण्णांना एवढेच सांगा, वाडा माझ्यासाठी राखू नका, पण माझ्यामुळे विकूही नका. शाकारणीचा माझ्या वाट्याचा खर्च मी देतो. सुटीत मुलीला घेऊन येईन, तिला तिथली माणसे ठाऊक असली पाहिजेत." आम्ही पत्र काढून त्याच्या हाती दिले. त्याने ते वाचले, घडी घातली आणि आपल्या खिशात ठेवले. धुके पुन्हा उतरले होते. पुढील दोघींचे आवाज तेवढे ऐकू येत होते.

वाईस परतल्यावर आम्ही अण्णांस सर्व हकीकत सांगितली. मुलाचे उत्तर प्रथम, आणि शिळेची गोष्ट नंतर. उत्तर ऐकून ते काही बोलले नाहीत. शिळेच्या गोष्टीत मात्र त्यांनी दोनतीनदा आम्हांस थांबवून विचारले, आणि परगावाहून आलेल्या आज्याचा भाग तर पुन्हा सांगावयास लावला. आमचे घराणे मूळचे कोकणातले. पेशवाईत कोणी एक पूर्वज घाट चढून वाईस आला आणि येथेच राहिला. कुलदैवत अद्याप खालीच आहे, आणि आम्ही वर्षाकाठी त्याच्या दर्शनास जातो. बऱ्याच वेळाने अण्णा म्हणाले, "आपला तो पूर्वज घाट चढला, त्या दिवशी त्याच्या वडिलांनीही असेच कोणाबरोबर तरी पत्र दिले असेल."

असो. गिऱ्हाइकास नकार कळविण्यात आला. पुढल्या वर्षी, २०२४ च्या वैशाखात, सुतार आणि गवंडी लावून कुजलेले वासे काढले, पडवी उभी केली आणि पावसाळ्यापूर्वी वाड्याची शाकारणी पुरी केली. खर्चात पुतण्याचा वाटा वेळेवर आला. वाडा किती वर्षे उभा राहील हे आज कोण सांगणार? तूर्त भुई त्यास धरून आहे.